वय किती इंच घेतं?

मैसूरच्या अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीत, एका बाजूला देऊळ आणि दुसऱ्या बाजूला कॉफीच्या बिया दळून देणारं दुकान, यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सत्यनारायणराव पिसे गेली बावन्न वर्षं बंद गळ्याचे कोट शिवतात. देवळातल्या घंटेवर त्यांची कात्री चालते आणि शेजारच्या कॉफीच्या वासावर त्यांचा मेंदू. गिऱ्हाईकं त्यांना 'सत्यण्णा' म्हणतात. घरी कुसुमबाई 'अहो' म्हणतात, आणि बिनसलं की 'टेलर' म्हणतात. 'टेलर, जेवायला या' अशी हाक आली, की सत्यनारायणराव निमूटपणे पहिल्या हाकेला उठतात.

सत्यण्णांचा एक धंद्यातला रिवाज होता. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता आणि कुसुमबाईंखेरीज कोणाला माहीतही नव्हता. माणूस पासष्टीच्या पुढे गेला की दर वर्षी थोडा थोडा आत जातो. खांदे उतरतात, छाती पाव इंच, कंबर अर्धा इंच. दसऱ्याआधी अग्रहारातली वयस्क मंडळी आपापले कोट घेऊन यायची. कोणाला एखादं बटण लावून हवं असायचं, तर कोणाला नुसती इस्त्री. सत्यण्णा बटण लावायचे, इस्त्री करायचे आणि कोणाला कळू न देता बगलेखालची शिवण उसवून अर्धा इंच आत घ्यायचे. मग ते गृहस्थ कोट चढवून आरशासमोर उभे राहायचे, पोटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ सत्यण्णा, पंधरा वर्षांचा कोट! अजून कसा बसतो!"

"तुमचा बांधाच तसा आहे, सार," सत्यण्णा म्हणायचे.

अशी अग्रहारातली निम्मी म्हातारी मंडळी एका सुईच्या जोरावर तरुण राहिली होती, आणि बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याची मशालींची कवायत बघायला ताठ मानेनं जात होती.

यंदा मात्र आषाढापासून खुद्द सत्यनारायणरावांना दुपार लागायला लागली. ऊन लागतं, तहान लागते, तशी दुपार. जेवून दुकानात आले की दारातून येणारं ऊन कापायच्या टेबलावर हळूहळू सांडायचं. त्या उन्हात लोकरीची तुसं तरंगायची. ती बघता बघता सत्यण्णाही तरंगायला लागायचे. कात्री हातात असायची, पण हात कुठेतरी लांब, पलीकडच्या काठावर असल्यासारखा वाटायचा. दळणाऱ्या यंत्राची घरघर दूर जाऊन तिचा समुद्र व्हायचा. मैसूरला समुद्र नाही, पण सत्यण्णांच्या दुपारीला होता. देवळाच्या चार पायऱ्या चढल्या तरी छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं, आणि तेही त्यांना गोडच वाटायचं. भक्ती वाढली असेल, असं ते धरून चालले होते. वय झालं की माणूस असा निवत जातो, पिकलेल्या फळासारखा हलका होतो, हे त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं. आपण आता पिकतोय, अशी त्यांची खात्री झाली.

"पिकताय कसले," कुसुमबाई म्हणाल्या, "पिकलेला माणूस पिवळा दिसतो. तुम्ही अस्तराच्या कापडासारखे पांढरे पडलाय. ओठ बघा आरशात. दीपूला सांगते मी."

दीपू म्हणजे नात, दीपश्री. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आजोबांना ती कानडी रिवाजानं 'ताता' म्हणते. सहा वर्षांपूर्वी ती हे शिकत होती, तेव्हा रक्त काढायचा सराव करायला तिला हात हवा होता. घरातले सगळे हात मागे गेले. सत्यण्णांचा एकटा पुढे आला. "सुई टोचायची तर भिऊन चालत नाही, बेटा. सुई भित्र्या हाताला ओळखते," एवढीच सूचना त्यांनी केली होती. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला ती त्यांचं रक्त काढते, आणि सत्यण्णा मापाच्या वहीत स्वतःच्या नावाच्या पानावर छाती, कंबर, बाही यांच्याखाली हिमोग्लोबिनही लिहून ठेवतात. मापाला माप.

यंदा ती रिपोर्ट घेऊन दुकानातच आली. पर्स खांद्यावरून न काढता स्टुलावर बसली.

"ताता, दहा पॉइंट सहा."

"बरं आहे की."

"बरं नाही. पुरुषाला तेराच्या वर पाहिजे. डॉक्टरांकडे जायचं."

"अय्यो, वयाचं आहे गं ते! अठ्ठ्याहत्तर झाली. रक्त म्हातारं होत नाही होय?"

दीपश्रीनं मान हलवली. शिकलेलं समजावून सांगायला तिला आवडतं, फक्त मराठी शब्द अर्ध्यात संपतात. "होतं ताता, थोडं होतं. रक्त हाडाच्या आत तयार होतं ना, मज्जेत. तिथे वयानं चरबी वाढते, काम करणारी जागा कमी होते. लाल पेशी थोड्या कमी, पांढऱ्यातल्या काही कमी, त्या प्लेटलेट्स पण जरा कमी. म्हणजे फॅक्टरी... सण्ण होते. लहान होते. पण थोडीच! आणि तुमच्या पेशी नुसत्या कमी नाहीत, बारीक पण झाल्यात. चला डॉक्टरांकडे."

"दसऱ्यानंतर," सत्यण्णा म्हणाले. "अकरा कोट बेतायचेत."

खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. डॉक्टर म्हणतील उभं राहू नका. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणेल, साकु आता, पुरे, दुकान बंद करा. मग कापायचं टेबल जाईल, त्याच्यावरचं ऊन जाईल, आणि आपण घरातल्या खुर्चीवर अर्धवट उसवलेल्या बाहीसारखे पडून राहू. त्यापेक्षा दहा पॉइंट सहा काय वाईट आहे?

पण नात रोज विचारणार. तिला उत्तर द्यायला हवं. म्हणून सत्यण्णांनी एक संशोधन हाती घेतलं. दसऱ्याची गिऱ्हाईकं यायला लागली होती. टेप गळ्यात, खडू कानावर, आणि सत्यण्णा पुटपुटत मापं लिहायचे, "छाती सदतीस... कंबर पस्तीस... बाही तेवीस... हिमोग्लोबिन?"

आश्चर्य म्हणजे कोणाला आश्चर्य वाटलं नाही. अग्रहारातल्या पंचाहत्तरीच्या पुढच्या मंडळींना स्वतःची बाही माहीत नसते, पण हिमोग्लोबिन पाठ असतं. कोणी "अकरा" म्हणे, कोणी "अकरा पॉइंट दोन, पण ती लॅबच चांगली नाही." निवृत्त गणिताचे मास्तर सुधींद्रराव तर खिशातून कागद काढून म्हणाले, "बारा पॉइंट एक. गेल्या वर्षी बारा पॉइंट तीन. प्लेटलेट्स पण लिहून घे, एक लाख सत्तर हजार. चड्डीच्या नाडीसकट सगळं लिही."

"कोटाला प्लेटलेट्स लागत नाहीत, सार."

"आणि हिमोग्लोबिन लागतं?"

सत्यण्णांनी टेप तोंडात धरला. टेप तोंडात असला की टेलरला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय आहे.

नऊ जणांची मापं जमली. सत्यण्णांनी बेरीज केली, भागाकार केला, आणि संध्याकाळी वही उघडून नातीपुढे ठेवली. "हे बघ. आमच्या वयाचं माप आहे अकरा आणि थोडं. मी दहा-सहा. एवढ्यातेवढ्याला काय होतं!"

दीपश्रीनं पान वाचलं. मग एकदम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "ताता, तुम्ही रेडिमेड विकायला लागलात?"

बावन्न वर्षांत इतका मोठा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता.

"दुसऱ्या नऊ लोकांच्या मापावर स्वतःचा कोट बेतता? आणि त्या नऊमधले पण कितीजण आजारी असतील, कोणी बघितलंय? तुमचं पान काढा." तिनंच वही मागे उलटली. 'पिसे सत्यनारायण, स्वतः' या पानावर त्यांच्याच तिरक्या अक्षरात ओळी होत्या. तेरा-आठ. तेरा-सात. तेरा-पाच. तेरा-पाच. तेरा-दोन. आणि त्याच्याखाली यंदाची, जरा घाईत लिहिलेली, दहा-सहा.

"पाच वर्षांत अर्धा आणि एका वर्षात अडीच," ती म्हणाली. "सांगा, टेलर कोण आहे इथे?"

सत्यण्णांनी वही मिटली. "दसऱ्यानंतर, पुट्टी, पोरी," ते म्हणाले, पण आवाजाला इस्त्री नव्हती.

दुसऱ्या दिवशीची दुपार नेहमीपेक्षा लवकर लागली. ऊन टेबलावर आलं आणि सत्यण्णा बाकावर जरा टेकले. टेकले ते थेट स्वतःच्या मांडीच्या हाडातच उतरले. आत लांबच लांब दालन होतं, राजवाड्यासारख्या कमानींचं, आणि दोन्ही बाजूंना मशिनं मांडलेली. लाल कापडाचे छोटे छोटे गोल कोट शिवले जात होते. शिवून झाला की एकेक कोट आपल्या पायांनी उठून, दार उघडून, रक्तात चालता व्हायचा. बरीच मशिनं झाकून ठेवली होती आणि त्यांच्यावर कोणीतरी लोण्याचे गोळे ठेवले होते. ही चरबी, दीपू म्हणाली होती ती, हे त्यांना स्वप्नातही आठवलं. कोपऱ्यात पांढऱ्या गणवेशातले पहारेकरी डुलक्या घेत होते. एक रफूगार दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं करत बसला होता. कोणालाच घाई नव्हती. सगळं कसं मऊ, तांबूस, शेजारच्या कॉफीच्या वासाचं. सत्यण्णा प्रत्येक मशिनवरच्या कारागिराला विचारत चालले, "काय, कसं चाललंय?" आणि प्रत्येकजण रिकामे हात दाखवून म्हणायचा, "कारागीर आहेत, अण्णा. कापड येत नाही. म्हणून आखूड शिवतोय."

मग दालनाच्या टोकाला आरसा दिसला. आरशासमोर रणोजीराव उभे होते.

रणोजीराव शाळेत कवायतीचे मास्तर होते. चालताना त्यांच्या बुटांचा आवाज आला की अग्रहारातली मांजरंसुद्धा रांगेत बसायची. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. स्वप्नात ते राखाडी कोट घालून उभे होते, तोच, सत्यण्णांनी शेवटचा आत घेतलेला. "छान बसलाय, सत्यण्णा!" ते म्हणाले आणि वळले. कोट छान बसला होता. आत कोणीच नव्हतं.

सत्यण्णा जागे झाले तेव्हा ऊन टेबलावरून उतरून गेलं होतं.

त्या कोटाची गोष्ट त्यांनी कुसुमबाईंनाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याआधी रणोजीराव नुसती इस्त्री करायला कोट देऊन गेले होते. कोट देताना घालून दाखवला, तेव्हा तो खांद्यावरून लोंबत होता. सत्यण्णांनी नजरेनंच ओळखलं, अर्धा नाही, एक नाही, तीन इंच. एका वर्षात तीन इंच. विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण विचारायचा रिवाज नव्हता. त्यांनी सगळा कोट उसवला, बाह्यांचे मुंढे नव्यानं बेतले, गुंड्या सरकवल्या, चार दिवस खपून असा बसवला की जसा काही नवाच. रणोजीराव आरशात बघून म्हणाले होते, "अजून तोच गडी आहे, काय?" आणि सत्यण्णा म्हणाले होते, "तुमचा बांधाच तसा, सार."

संक्रांतीच्या आत ते गेले. पोटात काहीतरी फार वाढलं होतं. सत्यण्णा भेटायला गेले तेव्हा भवानीबाईंनी, त्यांच्या बायकोनं, अगदी कौतुकानं सांगितलं होतं, "तुमचा कोट इतका बेतशीर बसला होता हो, की हे किती वाळलेत ते आम्हाला कळलंच नाही."

सत्यण्णांनी बाकावर बसल्या बसल्या टेप उचलला आणि स्वतःच्या कमरेला लावला. आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी फोन लावला.

"दीपू, उद्या सकाळी तुझी सुट्टी आहे ना?"

डॉक्टर वरलक्ष्मी मैसुरातल्याच जुन्या मराठी घरातल्या. घरी अजून मराठी बोलतात, त्यामुळे पेशंटला मराठीत रागावता येतं. त्यांनी मापाच्या वहीतलं ते पान रिपोर्टापेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"असं माझा एकही पेशंट करत नाही. सत्यनारायणराव, हे तेरा-आठपासून तेरा-दोन, हे वयानं घेतलं. त्याचं कोणी काही करू नये. अंगात पूर्वी जी शिल्लक असायची, ताप आला, जखम झाली तर वापरायला, ती वयानं कमी होते. तुम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडता ना..."

"माया."

"हां, ती. म्हाताऱ्या अंगात ती थोडी उरते, म्हणून जपायचं. पण हे खालचं अडीच वयानं घेतलेलं नाही. वयानं पेशी कमी होतील, अशा बारीक होत नाहीत. लोह कमी पडलंय. आणि कमी पडलंय म्हणजे कुठून तरी जातंय." त्यांनी चष्मा काढला. "गुडघे दुखतात?"

सत्यण्णा छताकडे पाहू लागले.

"गोळ्या घेता?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

"सकाळी एक. कापायला उभं राहायच्या आधी एक. जास्त कापड असलं तर..."

"कशाबरोबर?"

"कॉफी."

"रिकाम्या पोटी?"

"कॉफी असते की पोटात."

"आमच्या घरात गोळ्या कुठे दिसल्या नाहीत हो मला!" बरोबर आलेल्या कुसुमबाई उद्गारल्या.

"दुकानात," सत्यण्णा पुटपुटले. "बटणांच्या डब्यात. काळी बटणं वर, गोळ्या खाली."

कुसुमबाई डॉक्टरांकडे वळल्या. "बघा टेलरची अक्कल! बावन्न वर्षं दुसऱ्यांची अंगं झाकली, आता स्वतःचं दुखणं बटणांखाली झाकतोय!"

पुढचा आठवडा स्वप्नासारखाच गेला, पण तितका गोड नाही. एका हॉस्पिटलात घशातून दुर्बीण घातली. आत जायच्या आधी सत्यण्णा पहिल्यांदा उघडपणे घाबरले. दीपश्रीचा हात धरून म्हणाले, "रणोजीरावांसारखं असलं तर मला सांगा हं. शिवून लपवू नका." तिनं नुसता हात दाबून धरला, जसा तिनं पहिल्यांदा सुई टोचताना त्यांचा धरला होता.

तसं काही नव्हतं. जठरात जखम होती, गोळ्यांनी पडलेली, आणि ती महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत होती. सत्यण्णा ज्याला निवणं, पिकणं, भक्ती समजत होते, ते सगळं त्या एका छोट्या भोकातून वाहून जात होतं. वाढीव भक्तीबद्दल त्यांना जरा वाईट वाटलं. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. लोह आलं, जठराचं औषध आलं, आणि सकाळच्या कॉफीआधी दोन इडल्या खाल्ल्याच पाहिजेत असा हुकूम आला. कापायचं टेबल गेलं नाही. डॉक्टरांनी उंच स्टूल घ्यायला सांगितलं, एवढंच. मुलाचा फोन आला, तेव्हा कुसुमबाईंनीच सांगितलं, "दुकान बंद केलं तर हे दिवसभर घरात बसतील. मग माझं रक्त कमी होईल."

भाद्रपद संपता संपता हिमोग्लोबिन बारा-आठ झालं. पायऱ्या चढताना पाखरू फडफडेना. दुपारी ऊन नेहमीसारखं टेबलावर सांडायचं, तुसं तरंगायची, पण सत्यण्णा आता जमिनीवरच राहायचे. कधी कधी ते मुद्दाम डोळे मिटून त्या तांबूस दालनात उतरायचा प्रयत्न करत. पण तिकडे आता कामाचा रेटा असावा. गप्पा मारायला कोणी दार उघडत नव्हतं.

दसऱ्याला आठवडा उरला असताना सुधींद्रराव ट्रायलला आले. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढवला आणि सत्यण्णांचा हात सवयीनं कमरेपाशी गेला. कापड मुठीत आलं. त्यांनी टेप लावला. दोन महिन्यांपूर्वी पस्तीस भरली होती ती कंबर आता साडेबत्तीस. सत्यण्णांनी कानावरचा खडू काढला, खूण करायला वाकले. टेप तोंडात होता.

त्यांनी तो काढला.

"सार, कंबर अडीच इंच उतरलीय."

सुधींद्ररावांनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "तुझा टेप ताणला असेल. टेप लांबला की माप कमी भरतं. साधं गणित."

सत्यण्णांनी खणातून नवा, घडीही न मोडलेला टेप काढला आणि लावला. तेवढंच भरलं.

"मग वय रे. ऐंशी झाली. आटणारच."

"वय अर्धा इंच घेतं, सार. फार तर पाऊण. दोन महिन्यांत अडीच घेत नाही."

"तुला काय ठाऊक वय किती घेतं?"

"ठाऊक आहे," सत्यण्णा म्हणाले, आणि बावन्न वर्षांचं गुपित त्यांनी एका दमात उसवलं. "तुमचा तो निळा कोट आहे ना, मी सात वेळा आत घेतलाय. दर वेळी अर्धा. तुम्हाला सांगितलं नाही."

सुधींद्रराव हळूच बाकावर बसले. ओठ हिशेब करत हलत होते.

"साडेतीन इंच," ते म्हणाले.

"हो, सार."

"म्हणजे मी आमच्या हिला दर दसऱ्याला सांगत होतो, बघ, लग्नातल्यासारखा आहे..."

"हो, सार."

"आणि ती गालात हसायची, ती उगीच नाही." ते रागावतील असं वाटलं, पण आवाज आला तो अगदी लहान. "काही वाईट असेल का रे?"

"माहीत नाही," सत्यण्णा म्हणाले. "माझं नव्हतं. रणोजीरावांचं होतं. त्यांना मी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय. दीपू इथेच रक्त काढून नेईल, आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे मी येतो तुमच्याबरोबर. कुसुमला सांगतो, ती इडल्या बांधून देईल."

"दीपश्री किती वाजता येते?"

"सहाला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. सुधींद्ररावांनी कच्च्या शिलाईचा कोट जपून उतरवला, घडी करून टेबलावर ठेवला. मग शर्टाची डावी बाही कोपराच्या वर नीट दुमडली, हात मांडीवर उताणा ठेवला, आणि सहा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. सत्यण्णाही मशिन न चालवता त्यांच्या शेजारी बसले.